कंप्युटरवर जाड झालेली पिंकी

पोखर्णी
दसऱ्यानंतरचा सोमवार

मंजे,

पहिली आली ती गीताबाई. सेलूच्या किशनरावाची थोरली बहीण. जीप देवळापाशी धड थांबली बी नव्हती, तर ही बाई चपला हातात घेऊन आपल्या अंगणात हजर. म्हणली नव्या हायत, चावायल्यात. तिच्यामागून किशनराव आला, दम खात खात. आन सगळ्यात मागं पिंकी, किशनरावाची लेक, जिचं लग्न ठरलंय ती. पोरगी म्हंजे शेवग्याची शेंग. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार हाय.

नरसिंहाच्या दर्शनाला म्हून आलते, पण खरं काम आपल्याकडंच होतं. सेलूत कोणाच्या तरी घरी त्यांनी तुझ्या मायनं केलेली लग्नपत्रिका बघितली, ती केळीचे खांब काढलेली, आन विचारत विचारत आले. सेलूहून, मंजे. आजवर गावातलीच माणसं यायची, तीबी मामा-काकाच्या नात्यानं, चहा पिऊन, फुकट करून घेऊन जायची. तुझ्या मायला पत्रिका कर म्हून बाहेरगावचं माणूस पहिल्यांदा आलं. मला तर असं झालं की सगळ्या आळीला हाका माराव्या. कडूबाईला मारलीच मी, भिंतीवरून.

तुझ्या मायनं हात पुसून कंप्युटर लावला. लावला आन बाई, त्याच्या टीव्हीवर सगळं रुंद रुंद. अक्षरं अशी जाडजूड की मला चष्म्याबिगर दिसायली, म्हून मी आधी खुश झाले. मग किशनरावानं पिंकीचा फोटो दिला, तुझ्या मायनं तो केळीच्या खांबाच्या मधी बसवला, आन शेवग्याच्या शेंगेचा भोपळा झाला. गाल इकडं, कान तिकडं. तुझी माय हे दाब, ते दाब. काही करून पोरगी बारीक व्हायनी. गीताबाई म्हणली, "किशन, हिला सूज आली का काय रं?" पिंकीनं तोंडावर ओढणी घेतली आन बाहेर जाऊन जीपमधीच बसली.

किशनराव माणूस भला. चहा पिला, चिवडा खाल्ला. म्हणला, मशीनच हाय, बिघडती. भाऊबीज झाली की पहिल्या शनिवारी परत येतो, तव्हा नीट दिसलं तर काम तुमचंच, न्हाई तर परभणीला टाकावं लागंल, तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त हाय. जाता जाता गीताबाईला ऱ्हावलं न्हाई. म्हणली तवर पोरीला उपाशी ठेवतो, बघू बारीक दिसती का.

हे सगळं तुझा बाप दारात उभा राहून ऐकायलता. रातच्याला जेवताना म्हणला, त्या शनिवारी काम झालं तर झालं, न्हाई तर त्या कोपऱ्यात सोयाबीनचे भरलेले कट्टे रचतो आन कंप्युटरचा डबा योगीराजला देऊन टाकतो. योगीराज म्हंजे फाट्यावरला, मोबाईल दुरुस्त करणारा. तुझ्या बापाचं एक ठरलेलं हाय, जे हातात धरून शेतात जाता येत न्हाई ते काम न्हाई.  तव्हापासून तुझ्या मायचा, बबिताचा, पाय जाग्यावर ठरंना. भाकर थापता थापता उठती, कंप्युटर लावती, बघती, बंद करती. तवा जळतो. पदरानं काच पुसती, जणू मळ लागलाय.

दसऱ्याच्या आधी तर ब्येस चालायचा. देवळाच्या भंडाऱ्याचं मोठं बॅनर तिनं नवरात्रात त्याच्यावरच केलं की.

ती म्हणली मंजूला कळवू नका, तिचं ट्रेनिंग हाय, तिला फिकीर नको. म्हून मी कळवायलेय. तूच तो डबा उघडून त्याच्यात काय काय बसवलंतीस, तुला ठाऊक असंल. तुझा फोन त्यांनी कामून काढून घेतला कुणास ठाऊक, पोलिसच पोलिसाचा फोन घेतंय. पण एक बरं झालं, माझी तिसरीपर्यंतची शाळा कामाला आली.

तुझी आजी


पोलीस प्रशिक्षण, महिला बरॅक
१९ ऑक्टोबर

आज्जे,

तुझं पत्र परेडनंतर मिळालं. उभ्या उभ्या वाचलं, बूट न काढता. पिंकीचं वाचून हसले, पण पप्पांचं वाचून हसू गेलं.

आईला सांग घाबरू नको, डबा जळालेला नाही. जळाला असता तर काहीच दिसलं नसतं. हे बहुतेक ड्रायव्हरचं दुखणं आहे. तुला समजेल असं सांगते. डब्यात मी परभणीहून आणून एक कार्ड बसवलं होतं, आठवतं? स्क्रीनवर चित्र काढायचं काम त्याचं. पण ते काम कसं करायचं हे त्याला सांगणारा एक प्रोग्राम लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हणतात. तो बिघडला की कंप्युटर कसंबसं, जाडंभरडं चित्र दाखवतो. लांबट स्क्रीनवर चौकोनी चित्र ताणून बसवतो. म्हणून पिंकी रुंद झाली.

आता आईनं हे करायचं. डेस्कटॉपवर माऊसचं उजवं बटण, डिस्प्ले सेटिंग, तिथं मापांची यादी येईल. त्यातलं सगळ्यात मोठं माप घ्यायचं. त्यानं झालं तर झालं. नाही झालं तर डिव्हाइस मॅनेजर उघडायचा, 'डिस्प्ले'च्या खाली कार्डाचं नाव असेल. त्याच्यावर पिवळं चिन्ह आहे का बघायचं. असलं तर कपाटात माझ्या जुन्या वह्यांच्या मागं कार्डाची सीडी आहे, ती टाकून ड्रायव्हर परत बसवायचा. पिवळं चिन्ह नसलं तरी मला नाव जसंच्या तसं लिहून पाठव.

आणि एक विचारते, खरं सांग. दसऱ्याच्या आसपास लाइट जाऊन आली का? डब्याला कुणी हात लावला का? कुणी हलवला का, काही जोडलं का?

एवढं करूनही नाही झालं तर दिवाळीला मी येतेच आहे. सुट्टी मिळणार असं सगळ्याच म्हणतात. आल्याबरोबर आधी डबा बघीन, मग फराळ.

तुझी मंजू

पप्पांना एवढंच सांग, मंजू म्हणते कट्टे ओसरीवर मावतात.


पोखर्णी
वसुबारसेच्या आधीचा गुरुवार

मंजे,

तुझं पत्र आलं तव्हा मी कापसाच्या वाती वळायलते. पोस्टाच्या सितारामनं दारातूनच टाकलं, ते आपल्या शेळीनं तोंडात धरलं. कोपरा गेला, पण अक्षर वाचलं. शेळीला मी एक लावून दिली. आता ती माझ्याकडं बघत न्हाई.

मग तुझी माय आन मी दार लावून बसलो. ती माऊस धरायली, मी वाचायले. एक एक अक्षर लावून वाचते म्हून ती बेजार झाली, म्हणली द्या इकडं आत्याबाई. मी दिलं न्हाई. माझ्या नावाचं पत्र हाय.

तर ऐक. मापाची यादी आली, पण त्यात मोठं माप न्हाईच. आधी जे असायचं म्हणती तुझी माय, ते यादीतून गायबच. आन तू म्हणलीस तसं पिवळं काही नव्हतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण नाव एक न्हाई, दोन हायत. एक तुझ्या त्या कार्डाचं, आन त्याच्याखाली आणखीन एक. दोन्ही नावं तुझ्या मायनं या कागदामागं इंग्रजीत उतरून दिल्यात, बघ. तरी आमी ती सीडी शोधली. तुझ्या वह्यांमागं एक वाळकी चिंच बी सापडली, कव्हाची कुणास ठाऊक. सीडी टाकली, ती घरघर फिरली, झालं म्हणली, बंद करून लावा म्हणली. लावला. पिंकी तशीच जाड.

तू विचारलंस कुणी हात लावला का. कुणीच न्हाई. मी सगळ्यांला विचारलं. तुझा बाप तर त्या कोपऱ्याकडं बघत बी न्हाई. लाइट आपली रोजची जाती येती, तेवढीच. मांजर तिकडं फिरकत न्हाई.

तुझ्या मायचं काही खरं न्हाई. काल कापूस वेचायला गेलती कडूबाईसंगं, अर्ध्यातनं आली. म्हणली काहीतरी सुचलंय. आली, लावला, बघितला, उंबऱ्यावर बसली. सुचलेलं बरोबर नव्हतं. कडूबाई म्हणती तिला नजर लागली, बाहेरगावची माणसं आली म्हून. मी म्हणलं नजर लागली असती तर बबिताला लागली असती, डब्याला कामून लागंल? पण मीठमोहऱ्या उतरून टाकल्या, दोघांवरून. त्यात काय जातंय.

फराळाचं म्हणशील तर करंज्या झाल्या. चिवड्याला पोहे आणायचेत. तू येणार म्हून बेसनाचे लाडू तुझ्यासमोर वळायचे ठेवलेत. तुझा बाप बी दोनदा विचारून गेला, मंजू कव्हा येती. असं दाखवतो की सहज विचारायलाय.

लवकर ये. कट्ट्याचं सांगितलं. तो म्हणला ओसरीवर पाऊस लागतो. मी म्हणलं आता कुठला पाऊस. तो उठून गेला.

तुझी आजी


महिला बरॅक
२८ ऑक्टोबर

आज्जे,

आधी वाईट सांगते. मला सुट्टी नाही. दिवाळीत आम्हाला बंदोबस्तावर नेणार आहेत. काल यादी लागली, तिच्यात मी आहे. हे लिहायला बसले आणि दोनदा उठले. लाडू वळून टाक, माझ्यासाठी ठेवू नको, खवट होतात.

आता कामाचं. दोन नावं दिसतात हे नवीन आहे. आपल्या डब्यात मी बघायचे तेव्हा एकच असायचं. दुसरं नाव कामचलाऊ चित्राचं आहे, डब्याचं स्वतःचं. म्हणजे स्क्रीनला चित्र आपलं कार्ड देत नाही, ते दुसरंच देतंय. कार्ड तिथं आहे, ड्रायव्हर आहे, पिवळं चिन्ह नाही, आणि तरी ते काम करत नाही. हेच मला कळत नाही. रात्री पहाऱ्यावर उभी असते तेव्हाही हेच डोक्यात फिरतं. काल हवालदार मॅडम म्हणाल्या, लक्ष कुठाय? मी म्हणले, पोखर्णीत. एक चक्कर जास्त मारायला लावली.

आईला म्हणावं अजून एक करून बघ. त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर उजवं बटण, 'अनइन्स्टॉल', मग डबा बंद करून परत लावायचा. तो आपोआप कार्ड शोधेल. त्यानंही झालं नाही तर कार्ड आतून सैल झालं असेल, पण ते उघडायला मी जवळ नाही. आईनं उघडू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कुणालाही फॉरमॅट करू देऊ नको. योगीराजला तर नाहीच. तो प्रत्येक दुखण्याला तेच औषध देतो. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून नवीन टाकणं. आईनं आजवर केलेल्या सगळ्या पत्रिका, बॅनर, ते केळीचे खांब, ती फुलं, सगळं त्याच डब्यात आहे. दुसरीकडं कुठंच नाही. मी पेन ड्राइव्हवर काढून ठेवीन ठेवीन म्हणत राहिले, आणि निघून आले.

तुझी मंजू


पोखर्णी
भाऊबीज

मंजे,

तुझं पत्र लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आलं. तू येणार न्हाईस हे वाचलं. तुझ्या बापाला सांगितलं, तो गाईला चारा टाकायला गेला, चारा आधीच टाकलेला होता. बंदोबस्तावर उभी ऱ्हाशील तव्हा दुपारच्याला डोक्यावर काही घे. लाडू वळले. तुझ्या वाट्याचे मी वेगळ्या डब्यात ठेवलेत, तू नको म्हणलीस तरी.

तुझ्या मायनं तू सांगितलं ते केलं. काढलं, बंद केला, लावला. त्यानं कार्ड परत शोधलं बी, तसं लिहून आलं. पण चित्र जाडच. मग ती रडली. मी तिला लग्न होऊन आल्यापासून रडताना दोनदाच बघितलंय. म्हणली, "आत्याबाई, शनिवार आला. त्यांनी परभणीला टाकलं की मला परत कोण विचारतंय?" आन पाडव्याला सकाळी उठून योगीराजला निरोप धाडला. मला न विचारता.

योगीराज आला. पायावर पाय टाकून बसला, माऊस असा फिरवला की जणू पीठ मळायलाय. म्हणला, "आज्जी, ह्याला फॉरमॅट मारावा लागंल. आतलं जाईल सगळं, पण नव्यावानी होईल." तुझी माय म्हणली, करा. मंजे, ती करा म्हणली.  तिला म्हणायचं होतं की सगळं गेलं तरी चालंल, पण शनिवारी पिंकी बारीक दिसली पाहिजे.

मी काय केलं सांगू. मी म्हणलं, आमच्यात पाडव्यापासून आठवडाभर घरातलं काही पुसत न्हाईत, मोडत न्हाईत. घराण्याचा नेम हाय. असं काहीच न्हाई आमच्यात, तुला ठाऊक हाय, पाडव्यालाच तुझ्या आजोबानं जुनी भिंत पाडलती. पण मी असं तोंड करून सांगितलं की योगीराजनं बी पाय खाली घेतला. कडूबाई बसलीती, ती बी म्हणली व्हय व्हय, लय कडक हाय यांचं. तो म्हणला मग शनिवारी सकाळी लवकर येतो, गिऱ्हाईक यायच्या आत करून देतो. तुझी माय माझ्याकडं बघत ऱ्हायली. तिला कळलं मी खोटं बोलले.

आता शनिवार हाय आन मी. मला दुसरं काही करता येत न्हाई म्हून लिहायलेय. बसल्या जागी चैन पडंना. उठते, देवापुढं बसते, परत उठते. आन खरं सांगू, मी देवावर नाराज हाय. त्या डब्यासाठी मी काय कमी केलं? खंडेनवमीला सगळ्यांनी आपापली हत्यारं पाटावर मांडली. तुझ्या बापानं कुळवाची लोखंडी फास, पहार आन फवाऱ्याचा पंप ठेवला. माझा विळा, माझं खुरपं. मग मी म्हणलं, ह्या ओळीत बबिताचं काय हाय? विळा धरती ती माझाच. चूल-परात काय हत्यार हाय? तिचं हत्यार हा कंप्युटर. ती देवळात भंडाऱ्याच्या सैपाकाला गेलती. मी आपला डबा कोपऱ्यातनं काढला, सगळ्या नळ्या सोडवल्या, मधल्या घरात आणला आन फासेच्या शेजारी पाटावर बसवला. ओलं फडकं पिळून पिळून पुसला. हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, तिच्या हाताला यश येऊ दे म्हणलं, आरती केली. ती यायच्या आत परत जाग्यावर नेऊन ठेवला, नळ्या लावल्या, हळद पुसून टाकली. सांगितलं न्हाई तिला. हसली असती, न्हाई तर तुझा बाप हसला असता. एवढ्या मनापासून पूजा केली, आन चार दिसात हे असं फळ. सांग, मी काय समजायचं?

तुझी आजी


महिला बरॅक
६ नोव्हेंबर, स्पीड पोस्टनं

आज्जे, आज्जे, आज्जे,

नळ्या सोडवल्यास तू.

मी तुला विचारलं होतं कुणी हात लावला का, आणि तू म्हणलीस कुणीच नाही. आता कळलं. पूजा करणं म्हणजे हात लावणं थोडीच. खोली भरून पोरी हसतायत, मी त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. आणि त्यातल्या दोघी डोळे पुसतायत, कशासाठी ते तुलाच माहीत.

आता नीट वाच. अक्षर अक्षर लाव, पण लाव. डब्याच्या मागच्या बाजूला स्क्रीनची तार बसते. तिचं तोंड निळं, दोन्ही बाजूला हातानं फिरवायचे स्क्रू. ती लागेल अशा निळ्या जागा मागं दोन आहेत. एक वर, उभी. एक खाली, आडवी. वरची डब्याची स्वतःची. खालची आडवी आपल्या कार्डाची. तार खालच्या जागेत होती. तू वरच्या जागेत लावलीस, ती हाताला जवळ आहे म्हणून. म्हणून कार्ड बिचारं आत रिकामं बसलंय, आणि ड्रायव्हर कितीदा बसवला तरी काय उपयोग, त्याच्याकडून चित्र न्यायला तारच नाही.

डबा बंद करायचा. भिंतीतला प्लग काढायचा. वरच्या जागेतले स्क्रू सोडून तार सरळ बाहेर ओढायची, वाकडी करायची नाही. खालच्या आडव्या जागेत बसवायची, स्क्रू बोटानं घट्ट करायचे. मग लावायचा. बास. काही पुसायचं नाही, काही मोडायचं नाही. तुझा नेम पाळला जाईल.

आईला सांग, खंडेनवमीला तिचं हत्यार म्हणून डबा पाटावर बसवला होतास ते. तूच सांग.

मंजू


पोखर्णी
शनिवार, दिवे लागणीला

मंजे,

आज सकाळी पहिला आला तो योगीराज. तुझ्या बापाच्या बी आधी उठला असंल. खिशातनं ते बोटभर काहीतरी काढून डब्याला खुपसलं बी. तुझी माय पाठीमागं उभी, दोन्ही हात पदरात धरून. तुझा बाप दारात, खांद्यावर सोयाबीनचा कट्टा. उचलून आणलाच होता त्यानं. मला कळंना कुणाला अडवू. आता दुसरा नेम कुठून काढू?

तेवढ्यात सितारामची सायकल वाजली. त्यानं माझ्याकडून सही घेतली, मी सही केली, पुरी, नावासकट. फोडलं, आन तिथंच ओसरीवर बसून लावायला लागले. पहिलं पान लावता लावता योगीराज म्हणला, "आज्जी, वाचा तुम्ही, मी करतो चालू." मी म्हणलं, "हात वर कर." तुझ्या पोलीसपणाचं वारं मला बी लागलंय. त्यानं खरंच हात वर केले.

मग म्हणलं बंद कर. प्लग काढ. तो म्हणला तार इकडची तिकडं करून काय होतंय, ड्रायव्हर उडालाय. मी म्हणलं मी लावली, मीच काढते. टेबलामागं शिरले. तिथं अजून हळद होती बघ, फटीत, पुसायची ऱ्हायलेली. वरची निळी जागा बोटाला लागली, ते बारके स्क्रू काही हालंनात. माझी बोटं जाड. तुझी माय खाली बसली, तिनं एक सोडला, मी एक सोडला. तार ओढली, सरळ, तू म्हणलीस तशी. खाली आडवी जागा चाचपली. तिच्यावर धूळ होती. तिथं बसली बाई ती खट्ट करून.

लावला. आधी काळं. मग काळंच.  मग आला तो टीव्ही, आन सगळी अक्षरं मुंग्यांवानी बारीक, ओळीनं. तुझ्या मायनं पिंकीला उघडलं. शेवग्याची शेंग.

 योगीराजनं आपलं खुपसलेलं काढून खिशात घातलं, म्हणला बरं झालं, आन चहाला थांबला न्हाई. तुझी माय माझ्या हातातलं पत्र घेऊन वाचायली. ह्या वेळी मी दिलं. वाचता वाचता तिचं बोट एका ओळीवर थांबलं. मला म्हणली, "आत्याबाई, माझं हत्यार म्हून ह्याला पाटावर बसवलं व्हतं?"

मी म्हणलं, "मग काय. माझ्या बालाजीच्या फासेच्या शेजारी."

 ती टेबलामागं गेली, आन त्या फटीतली हळद बोटानं काढून कपाळाला लावली. दारातनं तुझा बाप बघायलता. त्याच्या खांद्यावर कट्टा तसाच. तू त्याला काही म्हणू नको. तो वळला आन कट्टा ओसरीवर ठेवून आला. मग आणखीन आणले, ते बी ओसरीवरच. वर ताडपत्री टाकली, पाऊस नसताना.

सेलूची जीप दुपारी आली. ह्या वेळी पिंकी पुढं, गीताबाई मागं, जुन्या चपला घालून. पिंकी खुर्चीच्या पाठीमागं उभी राहून लांबूनच बघायली, मग जवळ आली, मग तुझ्या मायच्या खांद्यावर हात ठेवून वाकून बघायली. गीताबाईनं चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणली, "आता पोरीला जेवायला घाला बाई." सगळे हसले, पिंकी बी हसली. किशनरावानं काम दिलं. तिथल्या तिथं. म्हणला हेच केळीचे खांब पाहिजेत, दुसरे नकोत. मंजे, हेच खांब आज सकाळी पुसून जाणार होते.

तू समजशील आता माय निवांत झाली असंल. कुठलं. गीताबाईनं निमंत्रकात आत्याचं नाव मामाच्या वर पाहिजे म्हून सांगितलं, किशनराव म्हणला मामा वरच पाहिजे, जीपमधी बसेस्तवर त्यांचं हेच चाललं. तुझी माय दोन्ही करून बघायलीय, एकदा आत्या वर, एकदा मामा वर. मला दर घडीला विचारती कुठलं बरं दिसतंय. मी म्हणते दोन्ही बरं दिसतंय, तर ती म्हणती नीट बघा. भाकरी आज तुझा बाप खाईल तव्हा खाईल. तो बी तिथंच बसलाय, पाटावर, गप, टीव्हीकडं बघत. मघाशी म्हणला ती अक्षरं जरा मोठी करता येत न्हाईत का. आमी दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

मी टेबलाला आता हात लावणार न्हाई. पुढच्या खंडेनवमीला पाटच कोपऱ्यात नेऊ, फास, विळा, पंप सगळं घेऊन, डब्यापाशी. ठरवून टाकलंय, कुणाला विचारलेलं न्हाई.

तुझ्या लाडवाच्या डब्याला मुंग्या लागायल्यात, खऱ्या. जाळीत टांगलाय. कव्हा येतीस ते कळव.

सेलूची माणसं बुधवारी परत येतो म्हणलीत, तुळशीच्या लग्नादिवशी, पहिली पत्रिका नरसिंहापुढं ठेवायला. संगं नवऱ्याकडली बी आणणार हायत.

तुझी आजी